दोन श्लोकांच्या जागी पाणी

अण्णा,

तुमची पणती विद्यापीठात गेली. तुम्ही तिला पाहिले नाहीत. तुमच्या नातवाची ती एकुलती मुलगी. रोह्याच्या कॉलेजात तिने दोन वर्षे काढली. गुण जेमतेम, दुसऱ्या वर्गाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टेकेल इतकेच. तरी ती दोन वर्षे तिथून उचलून ती थेट राज्याच्या विद्यापीठात, संस्कृत विभागात, तिसऱ्या वर्षाला जाऊन बसली. आता तसा नियम आहे म्हणे. एका ठिकाणी मिळवलेले दुसरीकडे जमा करता येते, त्याला ही मुले क्रेडिट म्हणतात. आपण सोबत नेऊ शकतो असे पाप-पुण्याखेरीज काही असते हे मला या वयात प्रथमच कळले. घरात सर्वांना आनंद झाला आहे. मलाही झाला आहे, असे मी विचारणाऱ्याला सांगतो. तुम्हाला तसे सांगता येत नाही, कारण माझ्या आवाजात खोट आली की तुम्ही डोळे न उघडताच 'पुन्हा म्हण' म्हणत असा.

दर चातुर्मासात देवळात मी षड्रिपूंवर निरूपण करतो. काम आणि क्रोध यांना दोन-दोन संध्याकाळी जातात, लोभाला एक, आणि मत्सरापर्यंत पोचेतो आरतीची वेळ होते. तो सहावा, यादीच्या टोकाचा, म्हणून मी त्याला कायम धाकटा समजत आलो. श्रोत्यांना सांगायचो की मत्सर शेजाऱ्याचा वाटतो, समव्यवसायीचा वाटतो. आपल्याच मांडीवर वाढलेल्या मुलीचा तो वाटू शकतो, हे मी कधी सांगितले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. उपास करून, जप वाढवून पाहिला. जप करताना माळ पुढे सरकते, मत्सर जागचा हलत नाही.

तुम्ही मला संथा देत असा ती सकाळ आठवते. पेणच्या घराचे माजघर, सारवलेली जमीन, तुमचा पाट भिंतीला टेकलेला, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आई. उन्हाळ्यात तिचे पोह्याचे पापड चालत, आणि तिच्या लाटण्याचा आवाज आपल्या म्हणण्याला ताल दिल्यासारखा येत राही. तुम्ही एक चरण म्हणता, मी तो मागून म्हणतो. पुस्तक नाही, पाटी नाही. कानाने घ्यायचे आणि तोंडाने परत करायचे. पुराणातला तो मोठा अध्याय आपण रोज म्हणत होतो. त्याच्या मध्यावर, राजा वनातून परततो त्यानंतर, तुम्ही थांबत असा. पंचपात्रीतली पळी उचलून तळहातावर पाणी घेत असा, ते प्राशन करीत असा, क्षणभर डोळे मिटत असा आणि पुढचा चरण सांगत असा. दुसऱ्या कोणत्याही अध्यायात हे नव्हते. मला वाटे, शास्त्रात तसे सांगितलेलेच असणार.

मग एकदा तुम्ही रोह्याच्या देवळात पुराण सांगायला गेलात तेव्हा मला बरोबर नेलेत. तुम्ही यजमानांशी बोलत बसलात, आणि मी तिथल्या फडताळातली छापील पोथी उघडली. मला तेव्हा नुकते सरळ वाचता येऊ लागले होते. आपला अध्याय काढला, बोट ठेवून वाचत गेलो, आणि त्या जागी दोन श्लोक जास्तीचे निघाले. अर्थ लागण्याइतके मला येत नव्हते. संख्या मात्र कळत होती. परतीच्या एसटीत तुमच्या शेजारी बसून मी फार मोठा शोध लागल्यासारखे तुम्हाला सांगितले, "अण्णा, आपण दोन श्लोक गाळतो." तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. तोंड न वळवता म्हणालात, "संथा घेणाऱ्याने पुस्तक उघडायचे नसते. मी सांगतो तेवढे म्हणायचे." तुम्ही मला मारले नाहीत, ओरडलाही नाहीत. पण नागोठणे मागे पडले, पेण आले, तरी तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि त्यानंतर मी तुम्हाला कशाचेही कारण विचारले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून तुम्ही माझ्यासाठी लहानशी पंचपात्री आणि पळी आणलीत. पितळेची, माझ्या हाताच्या मापाची. "आता माझ्याबरोबर तूही घेत जा," म्हणालात. मी हरखून गेलो. प्रश्नाच्या बदल्यात मला भांडे मिळाले होते, आणि त्या वयात मला तो सौदा लाभाचा वाटला.

पुढे अलिबागला कॉलेजात दोन वर्षे झाली, आणि मला मुंबईला विद्यापीठाकडे जावेसे वाटू लागले. तिथे मोठे पंडित शिकवतात, विद्यार्थी उठून शंका विचारतात आणि पंडित त्या शंकेवर अख्खा तास घालवतात, असे मी ऐकले होते. माझे गुण मध्यम होते. तुम्ही जेवत होता, मी समोर उभा राहून मनातले बोललो. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, "एवढ्या गुणांवर तुला तिथे दारात तरी कोण उभे करील? आणि केलेच उभे, तर इथली संथा कोण पुढे नेईल?" पहिल्या वाक्याचे उत्तर मला माहीत नव्हते आणि दुसऱ्याचे उत्तर मीच होतो. जमिनी कुळांकडे गेल्यानंतर घराला पगाराचीही गरज होती. मी शाळामास्तर झालो. पोरांना बाराखडी शिकवली, संध्याकाळी देवळात पोथी सांगितली, आणि तो अध्याय आयुष्यभर तुमच्यासारखाच म्हटला. पाण्यासकट.

या मुलीलाही मी तसाच शिकवला. लहानपणी ती सुट्टीत पेणला येई, पाटावर बसे आणि मांडीवर थाप मारत म्हणे. कान असा की एकदा ऐकले की धरले. परीक्षेत मात्र तिचे कधी जुळले नाही. कागदावर ती अडखळते. बाप धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्टला, आई आजारी, घर आणि कॉलेज दोन्ही तिच्यावर. जेवढे गुण पडले तेवढे पडले. विद्यापीठात अर्ज केल्याचे तिने कुणाला सांगितलेही नव्हते. मुलाखतीला जाऊन परतताना तिने गाडीतून फोन केला, "आबा, जिते स्टेशन गेलं, चहा टाकायला सांगा आजीला. रोह्याला आज जात नाय, तुमच्याकडेच उतरते." तिने प्रथम मला येऊन सांगायचे ठरवले होते, हे मी इथे लिहून ठेवतो. माझ्या मनात पुढे जे आले ते तोलायला ते उपयोगी पडेल.

तुमची सून चुलीशी आणि मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर. तिने चपला अजून नीट काढल्याही नव्हत्या.

"आबा, पाच जण बसलेले. मध्ये एक मॅडम. कागद बघितला आणि म्हणाल्या, 'गुण कमी आहेत.' मी म्हटलं, 'हो.' 'याबद्दल काही सांगायचंय?' म्हटलं, 'नाय, कमीच हायत.'"

"असं बोलतात काय गो?" तुमची सून.

"मग काय बोलू? जास्त हायत म्हणू? पुढं ऐक तर. म्हणाल्या, 'पाठ काय येतं?' मी म्हटलं, 'पुष्कळ.' 'म्हणा काहीतरी.' मी आपला अध्याय सुरू केला. डोळे मिटून चांगली रंगले, आणि आबा, ती पाण्याची जागा आली! पंचपात्री कुठनं आणू? बॅगेतनं बाटली काढली, एक घोट घेतला, बूच लावलं आणि पुढं चालू."

"अगो बाय! सायबांसमोर बाटली तोंडाला लावलीस?"

"वरून ओतलं आजी, तेवढी अक्कल हाय मला. तर मॅडमनी हात वर केला. 'तहान लागली होती का?' 'नाही.' 'मग पाणी?' 'इथं पाणी प्यायचं असतं.' 'कुणी सांगितलं?' 'आमचे आबा पितात.' 'ते का पितात?' 'त्यांचे वडील प्यायचे.' सगळे जे हसले! मी पण हसले, काय करणार. मग त्या म्हणाल्या, 'या जागचे दोन श्लोक तुम्ही सोडलेत, माहीत आहे?' मी म्हटलं, 'नव्हतं माहीत. पण आता सांगितलंत, तर का सोडले ते शोधल्याशिवाय मला झोप लागायची नाय.' त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, 'या मग शोधायला.'"

तुमची सून आनंदाने रडू लागली. मी चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. अण्णा, माझे गुण तिच्याहून बरे होते. फार नव्हे, पण बरे होते. हे वाक्य मनात उमटले त्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते पुसले गेले नाही. मी तो प्रश्न तिच्या निम्म्या वयात विचारला होता, आणि माझ्या वाट्याला पेण येईपर्यंतचे मौन आले. तिने कुणाला काही विचारलेही नव्हते. आपल्या घराण्याची चूक तिने पाच विद्वानांसमोर बाटलीतल्या पाण्यासकट मांडली, 'माहीत नाही' म्हणाली, आणि त्या माहीत नसण्यावर तिला दार उघडले. मी जन्मभर माहीत असल्यासारखा बसून राहिलो.

मग तिने मोबाइल काढला. मॅडमनी ते दोन श्लोक तिला पाठवले होते. "ऐका," म्हणाली आणि चालीवर म्हणू लागली. आपल्या घरात ते श्लोक मोठ्याने म्हटलेले मी कधीच ऐकले नव्हते. लहानपणी बोट ठेवून वाचले तेव्हा अर्थ लागला नव्हता, आणि मास्तर झाल्यावर, अर्थ लावण्याइतके संस्कृत आल्यावर, मी ती पोथी पुन्हा उघडली नाही. तुम्ही नको म्हणाला होता. आता अर्थ आपोआप उलगडत गेला. राजा वनातून परततो तेव्हा राणी त्याला सामोरी येत नाही. त्यांची लहान मुलगी तापाने गेलेली असते. राणी चुलीपुढे बसून त्या गेलेल्या मुलीला विचारते, तुझ्या वाट्याचा घास मी आता कुणाच्या तोंडात घालू, मी कामात असताना माझ्या पदराला आता कोण ओढील. एवढेच. दोन श्लोक, आणि कथा पुढे सरकते.

"यात सोडण्यासारखं काय आहे हो आबा?" ती म्हणाली. "किती सुंदर आहेत."

मी चहाचा पेला खाली ठेवला. माझ्या आधी तुम्हाला एक मुलगी झाली होती. तिसऱ्या वर्षी ती तापाने गेली, एवढेच मला आत्याकडून ठाऊक होते. तुम्ही आणि आई तिच्याविषयी माझ्यासमोर कधी बोलला नाहीत. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि ती जाड नव्हती. तुम्ही श्लोक गाळत नव्हता, अण्णा. डोळे मिटून तुम्ही ते मनात म्हणत असा, भिंतीपलीकडे ते जाऊ नयेत म्हणून. पाणी केवळ तेवढा वेळ भरून काढायला होते. आणि मला आता हेही आठवले की तुम्ही थांबलात की पलीकडचे लाटणेही थांबत असे. आईला पाठ होते, अण्णा. रोज ऐकणाऱ्या बाईला पुढे काय येणार ते पाठ असणारच. तुम्ही एकमेकांपासून जे लपवत होता, ते तुम्ही दोघे मिळून रोज एकाच क्षणी करीत होता, आणि मध्ये मी बसून नव्या पितळी पळीने पाणी पीत होतो.

एसटीत तुम्ही खिडकीबाहेर का पाहत होता, तेही कळले. तो राग नव्हता.

इथे एखाद्या भल्या माणसाला कृतज्ञता वाटली असती. मला प्रथम मत्सर वाटला, आणि तो गुणांच्या मत्सराहून वाईट होता. तुम्ही माझे. मी तुमच्यापुढे बसून वाढलो, तुमच्या उच्चारातला ऱ्हस्व-दीर्घ मी माझ्या जिभेवर वागवला, शेवटी तुमच्या मुखात गंगाजल मी घातले. आणि तुम्हाला न पाहिलेली ही पोरगी एका दुपारी मुंबईला जाऊन येते आणि तुम्हाला माझ्यासमोर आणून उभे करते.

दुसऱ्या दिवशी ती रोह्याला गेली, आणि दुपारी तुमच्या नातवाचा फोन आला. मागे बसचा आवाज होता.

"बाबा, सेकंड शिफ्टला निघालोय. आवाज येतोय ना? ती म्हणते, आबा हो म्हणाले तरच जाईन. मला यातलं काय समजत नाय. मार्क हे असे. तिकडं टिकंल का? इकडं एक वर्ष काढलं की डिग्री हातात हाय, घरी पण तिची मदत हाय. तुम्ही नाय म्हणालात तर मी तिला समजावतो. बोला."

अण्णा, त्या क्षणी तिचे सारे पुढचे आयुष्य माझ्या जिभेवर होते. काही अवघड नव्हते. एवढ्या गुणांवर कशाला, असे म्हटले असते तर कुणी मला नावे ठेवली नसती, काळजी करणारा आजोबा म्हणाले असते. तुमचेच वाक्य जसेच्या तसे माझ्या तोंडाशी आले, तुमच्या स्वरात, तुमच्या नेहमीच्या विरामासह. तेही मी कानाने घेतले होते. तुमची सून समोर अळू निवडत होती. तिने मान वर केली.

"बोला की. तोंडात पळी अडकलीय काय?"

"विचार करतोय."

"कसला विचार? पोरगी शिकायला चालली आणि पोटात तुमच्या दुखतंय. तोंडावर दिसतंय मला." देठ मोडून तिने पान बाजूला टाकले. "तुम्हाला जायचं होतं, मला म्हायती नाय काय? लग्न झाल्यापासून ऐकतेय, मुंबईच्या कुठल्या इमारतीत कुठला पंडित बसायचा. मग जायाचं होतं. तिला कशाला अडवता?"

फोनवर तुमचा नातू "हॅलो, हॅलो" करीत होता. मी म्हणालो, "जाऊ दे तिला."

"नक्की? मार्कांचं काय?"

"माझे पण तेवढेच होते," मी म्हणालो. तेवढे नव्हते, हे वर लिहिलेच आहे. थोडे गुण मी तिच्यासाठी सोडून दिले. या सर्व प्रकरणात माझ्या हातून घडलेले दान तेवढेच. फोन ठेवल्यावर तुमची सून पुन्हा अळू निवडू लागली, आणि रात्री अळूच्या भाजीत मला आवडतात म्हणून शेंगदाणे जास्त होते.

ती गेली त्याला आठवडा झाला. वसतिगृहातून रोज फोन येतो. तास कसे होतात ते सांगते. शिकवताना मॅडम मध्येच थांबून, 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारतात म्हणे. मी ऐकतो, उच्चार सुधारायचे निमित्त काढून एकच गोष्ट पुन्हा सांगायला लावतो, आणि फोन ठेवल्यावर दोन तास माझा कशातही जीव लागत नाही. सकाळी पूजेला बसलो की तो अध्याय म्हणतो. त्या जागी आलो की आता पाणी घेत नाही. थांबतो, आणि ते दोन्ही श्लोक मनात म्हणतो. या घरात आता आईचे लाटणे नाही, ऐकून दुखावणारे कुणी नाही, मोठ्याने म्हणायला कुणाची हरकत नाही. तरी मनातच म्हणतो.

काल संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, ग्रंथालयात जेवढ्या प्रती मिळाल्या तेवढ्या बघितल्या. सगळीकडे ते श्लोक हायत. मॅडम म्हणाल्या, घराण्याचा पाठ असा असतो तेव्हा कारण घरातच सापडतं. वर्षभराचं काम याच्यावरच कर म्हणाल्या. तुम्हाला काही आठवतं का हो? पणजोबा कधी काही बोलले होते का?"

तिच्या आवाजात तुमच्याविषयी इतकी उत्सुकता होती, अण्णा, की जणू तुम्ही पलीकडच्या खोलीत बसला आहात आणि मी फक्त दार उघडायचे आहे.

"नाही गो," मी म्हणालो. "आठवून बघतो."

आठवण्यासारखे काही उरलेले नाही. तिला सांगणार आहे. सांगितलेच पाहिजे, तिचे वर्ष त्यावर आहे, आणि तुम्ही माझ्याच हाती दिलेली गोष्ट मी मध्येच अडवली तर संथा तिथेच खंडित होईल. पण तिला आता ग्रंथालय आहे, पाच शिक्षक आहेत, शंका विचारायला मोकळे तोंड आहे. माझ्याजवळ तिच्याकडे नाही असे एवढे एकच आहे. शनिवारी ती इकडे येणार आहे आणि ती माझी कपाटे न विचारता उघडते, म्हणून हे पत्र घरात ठेवता येणार नाही. तिला सांगेन, अण्णा. या शनिवारी मात्र नाही.